केतकीची बातमी आणि मेहताभाईंचा पेढा

मंडळी, आज माझा नुसता जळफळाट झालाय.

शेजारच्या मेहताभाईंकडे ब्रॉडबँड आहे. माझी केतकी पुण्यात शिकते आणि त्यांच्या हेतलशी रोज चॅट करते. म्हणजे माझ्या मुलीला सर्दी झाली, हे मला मेहताभाई जिन्यात सांगणार!

म्हटलं, बस झालं. भाच्याचा जुना कॉम्प्युटर आणला, घरच्या फोनची वायर मोडेमला लावली आणि सकाळपासून डायल करत बसलो. मोडेम किंचाळायचा आणि गप्प व्हायचा. दुपारी एकदाचं कनेक्ट झालं. केतकीला पहिला मेल टाइप करायला घेतला, 'आता थेट बाबांशी बोल.'

तेवढ्यात बेल वाजली. दारात मेहताभाई, हातात पेढ्यांचा बॉक्स.

"भाऊ, आपका फोन कबसे बिजी आ रहा है! केतकी को नौकरी लग गई. आपको नहीं लगा, तो हमारे यहाँ फोन किया."

पोरीने आधी मलाच फोन लावला होता, आणि लाइन मीच अडवून बसलो होतो!

नेट तोडून तिला फोन केला, तर म्हणाली, "बाबा, काकांनी सांगितलं ना? मग ठेवते, मैत्रिणी थांबल्यात."

पेढा अजून कीबोर्डशेजारी तसाच आहे. खरं सांगा, तुम्ही खाल्ला असता?