आठ दिवस अडवलेलं पाणी

आम्ही गाव सोडलं ते भर दुपारी, दोनच्या एस.टी.नं. हे, मी, एक पेटी, एक गाठोडं आणि आमचा चार वर्षांचा अनिल. फाट्यावर लोक होते, पण कोणी "कुठं चाल्ले" म्हणून विचारलं नाही. आमच्या गावात माणूस नुसता झाडाखाली टेकला तरी तिघं विचारतात, "काऊन बसलास बापा?" आणि आम्ही घरदार सोडून निघालो तर सगळे तोंड फिरवून उभे. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "जा, पन मांगं पाहू नोको."

मी पाहिलं. तलावाच्या पाराखालच्या बांध्यांत, म्हणजे बंधाऱ्याखालच्या भातखाचरांत, धान ताठ उभं होतं. ज्याला धान कळतं त्याला हे समजेल. दाणा भरला की लोंबी मान घालते. त्या वर्षीच्या लोंब्या कोणापुढं वाकल्याच नाहीत, आत दाणाच नव्हता.

गावातल्या मायबहिणींनो, आणि माझ्यासारखं गोंदिया जिल्हा सोडून दूरदूर जाऊन बसलेल्यांनो, हे तुम्हा दोघांसाठी लिहून राहिले. लिहायला मी कुठल्या शाळेत शिकले नाही. बोलते तसंच लिहीन.

इटियाडोह धरणाचा कालवा आमच्या गावापर्यंत येत नाही. आमचं सगळं गावच्या तलावावर. तो तलाव यांच्या पूर्वजांनी बांधलेला, म्हणून पाणी सोडायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात. तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, यांच्या हातानंच उघडायची. गावानं कधी विचारलं नाही, कारण विचारायची वेळच आली नाही.

त्या वर्षी गावाच्या परवानगीनं आम्ही तलावात शिंगाडा लावला. डोकं माझं होतं. शिंगाड्याचं पीठ करायचं, पुड्या बांधायच्या, उपवासासाठी विकायच्या. गोंदियाच्या व्यापाऱ्यानं सांगितलं, "बाई, माल नवरात के पहले चाहिए." आणि तेवढ्यात पाऊस गेला. धान पोटरीत, लोंबी बाहेर पडायच्या बेतात, गाव पाणी मागून राहिलं. पाणी सोडलं तर शिंगाड्याचे वेल चिखलात बसणार. मी यांना म्हटलं, "आठ दिवस थांबा. आठ दिवसांत काय होते?"

यांनी गावाला सांगितलं, तुडुमाची फळी फुगून अडकली. आठव्या दिवशी शेजारच्या एका म्हाताऱ्यानं ती एका हातानं उचलली. तोवर धान गेलं होतं, आणि पाणी सुटलं तसा माझा शिंगाडाही चिखलात बसला.

पंचायतीपुढं हे एवढंच बोलले, "मी केलं." माझं नाव घेतलं नाही. तिथंही नाही, नंतर पुण्यातही नाही. यांनी सोसायटीत वॉचमनचं काम धरलं, मी हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटल्या. हळूहळू माझ्या बोलण्यातली बांधी गेली, पार्किंग आलं, ओटीपी आला. मागच्या वर्षी हे गेले. जाताना अनिलला गावाचा पत्ता सांगत होते, शिव्या मात्र एकट्यानं घेऊन गेले.

आता नातीचं ऐका. अनिलची मीनल युनिव्हर्सिटीत आहे, तिला उद्योजकता नावाचा विषय आहे. मी म्हटलं, "धंदा काय वर्गात बसून शिकतात का वो?" ती म्हणाली, "आजी, तूच चल. आमचा फेल्युअर डे आहे. घरातल्या बुडालेल्या धंद्याची गोष्ट सांगायची."

मला वाटलं, बुडालेल्यांना उभं करून चार शब्द सुनावत असतील. गेले, तर काय पाहते! एका पोराचं मोमोचं दुकान बंद पडलं, टाळ्या. एका पोरीचं अ‍ॅप कोणी उघडलंच नाही, आणखी टाळ्या. सर म्हणाले, "लवकर पडा, पडून शिका." मी शेजारच्या पोरीला विचारलं, "ही पोरं खरंच खुश आहेत का?" ती म्हणाली, "आजी, यालाच तर मार्क आहेत!" आमच्याकडं माणूस पडला तर दुसऱ्याच्या बांधीत पडतो, हे या पोरांना कोणी सांगितलं नाही का?

मग भिंतीएवढ्या पडद्यावर यांचा फोटो आला. मीनल सांगू लागली, "माझ्या आजोबांनी रिस्क घेतली, पण टायमिंग चुकलं." लोक टाळ्या वाजवून राहिले. यांचा तो गरीब चेहरा, आणि खाली लिहिलेलं, चुकलेला निर्णय.

मी उभी कधी झाले मलाच कळलं नाही. म्हटलं, "तो निर्णय यांचा नव्हता. पाणी अडवा असं मी सांगितलं." आणि सगळं सांगितलं, फळीच्या खोट्यासकट.

काय व्हावं? सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या! सर म्हणाले, "ब्रेव्ह, आजी!" एवढ्या वर्षांत जे तोंडातून काढायची भीती वाटली, त्याला शाबासकी?

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "आजी, ज्यांचं धान गेलं, त्यांना सांगितलंत का हे?"

"नाही," मी म्हटलं.

टाळ्या थांबल्या. मग समोसे आले.

रिक्षात मीनल फोनवर यांचा तो फोटो पाहत होती. म्हणाली, "मी आजोबांना सगळ्यांसमोर चुकीचं ठरवलं ना?" मी म्हटलं, "तू नाही बाई. मी ठरवू दिलं."

घरी येऊन गावी फोन लावला, माझ्या मोठ्या जावेला, सुमनबाईंना. खालची बांधी त्यांचीच होती. फळीच्या खोट्यासकट सगळं सांगितलं.

"आता सांगून राहिलीस?" त्या बोलल्या. "त्या वर्सी माह्या घरी धानाचा नुसता पोचा झाला, दाना नाही. लेकराले कंबरेवर घेऊन दुसऱ्याच्या कापनीले गेली मी. भाऊजीले रोज शिव्या देल्या. तो तं गेला बिचारा. आता त्या वापस कशा घेऊ?"

"वापस नोका घेऊ," मी म्हटलं. "मले द्या."

"ये मंग," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

घर म्हणजे काय, असं इकडं गाव सोडून आलेले लोक फार बोलतात. कोणी भाकरीचं सांगतो, कोणी मातीचं. मी म्हणते, ज्या गावाला माझ्यावर रागवायचा हक्क आहे, ते माझं गाव. पुण्यानं मला पोट भरू दिलं, पण पुण्याचं मी काही बिघडवलं नाही, म्हणून इथं मी पाहुणीच.

सोमवारी निघते आहे. सुमनबाई, दारात आल्याबरोबर पाण्याचा गडवा पुढं करू नका. आधी बोलून घ्या, मग पाणी द्या.