सहीआधी वाचायला शिकवणाऱ्या साळवे बाई

सुनंदा साळवे बाईंची नि माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडण मीच काढलं होतं. डोंबिवलीतल्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवायला आल्या, तेव्हा मी तिथे मराठी शिकवून शिकवून जुना झालो होतो. आल्या त्याच वर्षी त्यांनी मुख्याध्यापकांकडे नववीसाठी शनिवारचा एक तास मागितला, पैशाचे व्यवहार शिकवायला. "सरस्वतीच्या मंदिरात हा बाजार कशाला?" असं मी सर्वांदेखत म्हणालो. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, उद्या मुलांना बाजारातच जायचंय. फसायला नको एवढं तरी शिकवू या." तास त्यांना मिळाला.

त्या तासाला पाठ्यपुस्तक नव्हतं. मुलांनी घरी आलेले कागद आणायचे: वीजबिल, विम्याचा अर्ज, हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलची पावती. एकाने उभं राहून कागद पहिल्या ओळीपासून तळाच्या बारीक अक्षरांपर्यंत मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी अडेल तिथे थांबवायचं. कागदावरची नावं बाई आधीच खोडून ठेवत, म्हणजे कुणाच्या घरची अडचण चव्हाट्यावर यायला नको. एकदा एक पालक तणतणत आले. "बाई, पोरगी विचारते, बिनव्याजी हप्ते आहेत तर मग प्रोसेसिंग फी कसली? मी काय उत्तर देऊ तिला?" बाईंनी त्यांना चहा पाजला आणि तेच गणित त्यांच्याकडून सोडवून घेतलं. पुढच्या शनिवारी वर्गात बसलं तर चालेल का, असं विचारून ते गृहस्थ गेले.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना मी घोडबंदर रोडला फ्लॅट घ्यायचं ठरवलं. सतराव्या मजल्यावरून खाडी दिसणार होती. इमारत अजून उभी राहायची होती, एवढंच. आयुष्यभराच्या मुदत ठेवी मोडून सोमवारी पैसे भरायचे होते. शनिवारी मी ऐटीत बुकिंगचा अर्ज घेऊन बाईंच्या वर्गात गेलो. म्हटलं, मुलांनाही जरा मोठा व्यवहार बघू दे. तृप्ती नावाची मुलगी वाचायला उभी राहिली. तिचे वडील स्टेशनबाहेर रिक्षा चालवत. तिसऱ्या पानावर ती अडली. "सर, ताबा कधी देणार ते कुठेच नाहीये. आणि इथे लिहिलंय, बुकिंग रद्द केलं तर पैसे परत नाही मिळणार. तुम्ही वाचलंत ना हे?"

मी वाचलं नव्हतं. तीस वर्षं मुलांना 'उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा' म्हणणाऱ्या माणसाने स्वतःचा उतारा वाचलाच नव्हता. अर्ज परत घ्यायला मी हात पुढे केला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "शाब्बास, तृप्ती. सरांनी मुद्दामच असा कागद आणला होता, तुम्हाला सापडतंय का बघायला." वर्गाने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि मी त्या निमूटपणे घेतल्या.

सोमवारी मी पैसे भरले नाहीत. त्या इमारतीचा नुसता खड्डा वर्षानुवर्षं तसाच राहिला. आज आम्हा दोघांचं जेवणखाण आणि पत्नीची औषधं त्याच ठेवींच्या व्याजावर चालतात. बाईंनी मात्र त्या दिवसाबद्दल शाळेत चकार शब्द काढला नाही, मला एकट्यात गाठून टोमणाही मारला नाही. असं मोठं मन माझ्याकडे नव्हतं, हे मी मान्य करतो. त्या निवृत्त झाल्या तरी शनिवारचा तास चालूच आहे, आता त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये.

बाई, तुमच्या एकसष्टीला वयाने वडील म्हणून आशीर्वाद द्यायचा हक्क मी बजावतो. तब्येत ठणठणीत राहो, आवाज असाच खणखणीत राहो आणि शंभरीतही तुमच्यासमोर नववीचा वर्ग भरलेला असो. हा गौरवग्रंथ तृप्तीच्या वर्गातली मुलंही वाचतील. तेव्हा मुलांनो, इतकी वर्षं गप्प बसलो, आज सांगतो: तो कागद मी मुद्दाम आणला नव्हता. त्या दिवशीच्या टाळ्या तृप्तीच्या आणि बाईंच्या होत्या.