हुकूम माझा, हात भाऊंचे

"करू का?" असं विचारून भाऊ उजव्या हाताचं बोट की-बोर्डवर अधांतरी धरून ठेवायचे. समोरचा हो म्हणेपर्यंत ते खाली येत नसे. साधी फाइल पुसायची असली तर एकदा विचारायचे, आणि पुसलेलं परत मिळणार नसेल तर तीनदा. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. अशा माणसांचा आपल्याला वैताग येतो. मला तर फारच यायचा.

भाऊ आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये अटेंडंट होते, कंत्राटावर. जूनमध्ये प्राचार्यांची सही झाली की पुढचं वर्षभर नोकरी. मूळचे पिशोरचे. तिथली विहीर आटल्यावर बायको आणि दोन मुलींना घेऊन उस्मानपुऱ्यात एका खोलीत राहायला आले होते. मी त्या लॅबची मॅडम. एम.एस्सी., फर्स्ट क्लास, आणि हे येता-जाता लोकांना सांगायची सवय असलेली.

दुष्काळाची वर्षं होती ती. शहर मात्र चहूकडून वाढत चाललं होतं. बीड बायपासला इमारतींमागून इमारती उठत होत्या आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं. लॅबच्या एसीतून ठिबकणारं पाणी भाऊ बादलीत धरायचे, आणि हॉस्टेलच्या मुली ते कपडे धुवायला न्यायच्या. बादली भरली की भाऊ स्वतःच जिन्यात उभं राहून हाक मारायचे.

अशातच अभ्यासक्रम बदलला. आता प्रॅक्टिकल एका नव्या, फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर घ्यायचं होतं, पण बाकीचे विषय जुन्या सिस्टीमवरच चालणार होते. नवे कॉम्प्युटर घ्यायला कॉलेजकडे पैसे नव्हते. म्हणजे आहेत त्याच बारा मशीनवर दोन्ही सिस्टीम बसवायच्या. मी हे पुस्तकात वाचलं होतं, हाताने कधी केलं नव्हतं. भाऊंनी एक भंगारातलं मशीन घेतलं, पंधरा दिवस त्याच्याशी झटापट केली आणि शिकले. मग बाराही मशीन तयार करून दिली. चालू केलं की पडद्यावर दोन नावं यायची, हवं ते निवडायचं.

मुलं त्यांच्याभोवती जमायची. "हार्ड डिस्क म्हणजे घरातलं पाणी समजा," भाऊ सांगायचे. "पिण्याचं वेगळं, वापरायचं वेगळं. ह्याचा तांब्या त्यात बुडवायचा नाय." मला जे समजवायला एक तास लागायचा ते मुलांना एका मिनिटात कळलं. मला राग आला, खोटं कशाला सांगू.

आणखी एक गोष्ट ते बजावून सांगायचे. "जुनी आधी बसवायची. पंगतीत म्हाताऱ्यांना आधी बसवतो तसं. मागून नवी आली तर ती जुनीला ओळखते, तिची जागा सोडते. पण जुनी मागून आली तर ती कुणालाच ओळखत नाय." मुलं हसायची. म्हातारी माणसं सगळ्यांच्याच घरी होती.

वार्षिक प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मुलांच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस शिरलेत आणि जुनी सिस्टीम रखडतेय. बाहेरून परीक्षक येणार होते. मी भाऊंना सांगितलं, बाराही मशीनवर जुनी सिस्टीम पुन्हा नव्याने टाका.

"मॅडम, आता जुनी मागून टाकली तर ती नवीचं दार बुजवून टाकील. चालू केलं की नवी दिसणारच नाय. परीक्षा होऊ द्या, मग टाकू."

"भाऊ, हा विषय मी शिकवते."

"व्हय मॅडम. मग, करू का?"

तीनदा विचारलं त्यांनी. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "करा हो, किती डोकं खाता." बोट खाली आलं. मी पर्स उचलून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी नवीची बुजलेली दारं उघडायला भाऊ सकाळी सातलाच आले होते, पण वीज आली साडेनऊला. हाताशी दुरुस्तीची सीडी एकच, आणि एका मशीनला वीस मिनिटं लागत होती. मी पोचले तेव्हा मुलं दारात जमली होती आणि बहुतेक पडद्यांवर नव्या सिस्टीमचं नावसुद्धा नव्हतं. कन्नडकडची एक मुलगी रडायलाच लागली. तिचा सहा महिन्यांचा प्रोजेक्ट त्यात होता. भाऊ मान न वळवता म्हणाले, "गेलं नाय ताई. आत सगळं हाय. दार बुजलंय फक्त." आणि खरंच सगळं जागच्या जागी निघालं. कुणाचं एक अक्षरही गेलं नाही. पण अकराची परीक्षा दीड वाजता सुरू झाली, आणि परीक्षकांनी प्राचार्यांना लॅबमध्ये बोलावून घेतलं.

"हे कुणी केलं?" प्राचार्यांनी विचारलं.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ते थांबले होते, एवढंच. मी हजेरीपटात डोकं घातलं आणि नावांवरून पेन फिरवत राहिले.

"माझ्या हातून झालं, सर," भाऊ म्हणाले.

माझीही नोकरी तेव्हा पक्की नव्हती, असं मी स्वतःला पुढे कितीतरी दिवस सांगत होते. पक्की होती.

जूनमध्ये त्यांच्या कागदावर सही झाली नाही. अनुभवाचा दाखला मागायला ते माझ्याकडेच आले. मी पानभर लिहिलं. प्रामाणिक, कष्टाळू, विषयाची उत्तम जाण. फक्त एक वाक्य लिहिलं नाही. भाऊंनी दाखला उभ्यानेच वाचला. "लई लिहिलंत, मॅडम," म्हणाले आणि घडी करून खिशात ठेवला.

चार-पाच वर्षांनी उस्मानपुऱ्यात रस्त्याच्या कडेला दिसले. अंगात कंपनीचा गणवेश, हातात डबा, वाळूजच्या शिफ्टच्या बसची वाट बघत. मी स्कूटर थांबवली. मुलींचं विचारलं. थोरली नर्सिंगला आहे म्हणाले. कंपनीत कॉम्प्युटरचं काम आहे का, विचारलं. "नाय, पॅकिंगला हाय." मग मी एकदाचं बोलले, "भाऊ, चूक माझी होती. त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

अशा वेळी समोरचा काय म्हणतो ते आपल्याला ठाऊक असतं. जाऊ द्या मॅडम, झालं गेलं. मी तेच ऐकायला उभी होते, त्यावर काय म्हणायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

भाऊंनी थोडा विचार केला.

"व्हय मॅडम," ते म्हणाले, "बोलायला पाहिजे होतं."

बस आली. डबा काखेत धरून ते रांगेत शिरले, आणि बस सुटेपर्यंत मी स्कूटर धरून तिथंच उभी राहिले.