भिंतीपलीकडचा पाइप

मावशी तीस वर्षं वेल्डिंग करत होत्या. ठिणग्यांना त्या कधी घाबरल्या नाहीत. ठिणगी दिसते. त्यांना भीती होती ती लोखंडातून गुपचूप सरकणाऱ्या उष्णतेची. पाइपचं हे टोक तापवलं की ती कणाकणानं पुढं जाते. मध्ये भिंत असली तरी पाइप तिला पलीकडं पोचवतो. म्हणून वेल्डिंग झालं की मावशी हातमोजा काढून भिंतीपलीकडं जायच्या आणि पाइपवर तळवा टेकायच्या.

गादीवाल्याच्या कारखान्यातही त्यांनी तेच केलं. पलीकडं कापसाची कोठी होती. गठ्ठे आधीच मागं सरकवले होते.

"काय म्हणतोय थर्मामीटर?" गादीवाल्यानं विचारलं.

"गार."

"मग लावतो गठ्ठा जागेवर. माझी बायको माझ्या शब्दावर नाही, पण तुमच्या हातावर विश्वास ठेवते."

मावशी हसल्या. हात काढला, तर तळव्याची कातडी पाइपलाच चिकटून राहिली. दुखलं मात्र काहीच नाही.

वर्षभरापूर्वी बोटांना चहाच्या पेल्याचा चटका कळेनासा झाला होता. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कामाला कोण बोलावणार? बोटं गेली, तळवा अजून शाबूत आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

गठ्ठा पाइपला टेकला. आता बोललं की तीस वर्षं संपली.

"ओढा तो!" त्या किंचाळल्या. "दादा, ओढा! माझ्या हाताला काही कळत नाही!"

त्यानं हिसका देऊन गठ्ठा ओढला. टेकलेली बाजू तपकिरी झाली होती. आतून बारीक धूर येत होता. त्यानं पाण्याची अख्खी बादली त्यावर ओतली. मग मावशींच्या तळव्याकडं पाहिलं.

"कधीपासून, मावशी?"

"वर्ष होईल."

"आणि सगळीकडं असाच हात लावून..."

मावशींना सकाळचं काम आठवलं. सकाळीच त्या सुताराकडं पाइप जोडून आल्या होत्या. तिथं भिंतीपलीकडं भुशाची पोती होती. तिथंही त्या 'गार' म्हणाल्या होत्या.

त्यांनी सुताराला फोन लावला. घंटी वाजत राहिली.

"जेवायला गेला असेल," गादीवाला म्हणाला. त्याचं त्यालाच पटत नव्हतं.

मावशी अवजारं तिथंच टाकून बाहेर पडल्या. आधी झपझप चालल्या. मग पळतच सुटल्या.