जटेतलं मशीन

आमचे बाबा मुळातले नाटकातले. पार्ल्याच्या घरी हळू बोलले तरी तिसऱ्या बिऱ्हाडाला आमची भाजी कोणती ते कळायचं. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील, नाटक कंपनी बुडाली आणि बाबा अंधेरीच्या स्टुडिओत जादूगार झाले. उडत्या गालिच्यांच्या सिनेमांत शाप द्यावा तर त्यांनीच. मी तिथेच कपडेपटात शिवायला होते.

साठीला टेकले आणि त्यांना ऐकू येईना. कळलं असतं तर काम गेलं असतं, म्हणून गुपचूप कानाचं मशीन आणलं. साबणाच्या वडीएवढी पेटी, तिला तार, तार कानात. पण जादूगार उघडाबंब, गळ्यात नुसत्या माळा! डोक्यावर तेवढा जटांचा टोप. पेटी मी त्या जटेत शिवली. मंत्राने डोंगर हलवणारा माणूस सेलवर चालायला लागला.

पहिल्याच शॉटला जट शिट्टी मारू लागली. साउंडवाल्याने सगळे खांब हुंगले आणि शेवटी बाबांना पकडलं. "जादूच्या राज्यात तार?" दिग्दर्शक भडकला. "काढा ती! राणीचं वाक्य संपलं की शाप आला पाहिजे. चुकलात तर उद्या दुसरा जादूगार."

मग मी बाबांच्या पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधली आणि सिंहासनामागे दडले. राणी थांबली, मी सुतळी ओढली, बाबा कडाडले. अहाहा, काय शाप! आणि नेमकं डोक्यावरून विमान गेलं, मेलं! सगळे वर बघत राहिले. बाबांना काय पत्ता? शेवटच्या अक्षरापर्यंत शाप देऊनच थांबले.

"असा अभिनय परत मिळायचा नाही," दिग्दर्शक मला बाजूला घेऊन म्हणाला. "शॉट ठेवू. पण आवाज विमानाने खाल्ला, आणि ऐकून ओठांवर परत बोलणं ह्यांना जमायचं नाही. आवाज दुसऱ्याचा घालू."

नोकरी वाचली. पण ज्या आवाजावर हा माणूस जगला तोच काढून टाकलाय, हे त्यांना सांगायची माझी छाती होईना.

सिनेमा लागला. बाबा इस्त्रीचा सदरा घालून, खिशात पेटी घेऊन निघाले. थेटराच्या दारात "सेल बदलून देते" म्हणत मी संपलेले सेल घातले. बाबा सगळा वेळ पेटीला चापट्या मारत होते. पडद्यावर त्यांनी हात उगारला आणि भलत्याच कुणाच्या किनऱ्या आवाजात शाप आला. मला रडू फुटलं.

बाबा माझ्याकडे वळले. "माझा आवाज पोचतोय ना गं शेवटच्या रांगेपर्यंत?"

शेवटच्या रांगेतून कुणीतरी खेकसलं, "ओ आजोबा, गप बसा ना!"

"पोचतोय, बाबा," मी त्यांच्या कानाशी ओरडले.