तपासणीला मी बसलो होतो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या दिवशी गाडीची तपासणी झाली तेव्हा चालवणाऱ्याच्या जागेवर माझा भाचजावई नव्हता, मी होतो. माप माझं घेतलं गेलं आणि त्या मापावर मैदानात तो उतरला. दोघांच्या उंचीत किती फरक आहे, हे मला इंचात माहीत होतं.

मी मुळात बोलणारा माणूस नाही. एमआयडीसीत माझं वेल्डिंगचं शेड आहे. लूमचे सुटे भाग, ट्रॉलीचे हूक, अपार्टमेंटची गेटं, असली कामं. दिवसभर तोंडासमोर काळी काच धरून माणूस काय बोलणार? दाजी याच्या बरोबर उलट. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. माढ्याकडचे. सोलापुरात स्पेअर पार्टचं दुकान टाकून तीस वर्षं झाली तरी बोली गावचीच, आणि आवाज असा की दुकानात फोनवर बोलले तर फोनची गरज काय, असं वाटावं.

दाजींनी पुण्याहून एक गाडी आणली. दोन सीटची, बुटकी, कापडी टपाची स्पोर्ट्‌स कार. आणली म्हणजे टेम्पोवर घालून आणली, कारण ती चालत नव्हती. टप कुजलेला, पत्रा खालून खाल्लेला. शेडात उतरवली तेव्हा माझे कामगार हसले. दाजी म्हणाले, "हसू नका रं, हिला आपण नवरीगत सजवू." मग माझ्याकडे वळून, अक्काच्या देखत म्हणाले, "पाव्हणं, गाडी माजी, हात तुमचे. तयार झाली की पैल्यांदा पळवायची ती तुमीच. शब्द हाय."

त्या शब्दावर मी तीन वर्षांचे रविवार घातले.

हा शब्द माझ्यासाठी काय होता, ते लिहायला हवं. मी उभ्या आयुष्यात स्कूटर आणि छोटा हत्ती टेम्पो यापलीकडे काही चालवलं नव्हतं. लोकांची गेटं बनवायची, ती त्यांनी उघडायची आणि आत जायचं, आपण बाहेरच. या गाडीत मात्र मी बसणार होतो. आमच्या भागातल्या हौशी गाडीवाल्यांचं एक मंडळ आहे. अक्कलकोट रोडच्या बाजूला बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मैदानावर ते खांब मांडतात आणि एकेका गाडीने वेळ लावून त्यांच्यामधून पळायचं. त्यांचा नियम होता, उघड्या गाडीला रोल बार आणि हार्नेस, म्हणजे खांदे-कंबर सीटला आवळणारे पट्टे, पाहिजेच.

रोल बार म्हणजे सीटच्या मागे उभी केलेली पाइपची कमान. गाडी उलटली तर छप्पर नसलेल्या गाडीत माणसाच्या आणि जमिनीच्या मध्ये तेवढंच असतं. मी सीमलेस, म्हणजे बिनजोड पाइप आणला, बेंडरवर वाकवला. पहिल्या वेळी वळणावर किंचित सुरकुती पडली, तो तुकडा भंगारात टाकला. तळाच्या पत्र्याखालून जाड प्लेटा दिल्या, नाहीतर बोल्ट पत्रा फाडून वर येतात. खांद्याच्या उंचीला आडवा पाइप टाकला आणि हार्नेसच्या वरच्या पट्ट्या तिथे बांधल्या. खाली जमिनीला बांधल्या असत्या तर धक्क्याला त्यांनी खांदे खाली ओढून पाठीचा कणा चेपला असता. हे सगळं मी वाचून, विचारून शिकलो.

आणि एक गोष्ट शिकलो, जी दाजींना कधी समजली नाही. साधा पट्टा लावलेला माणूस गाडी उलटताना निदान बाजूला झुकतो. हार्नेस लावलेला झुकू शकत नाही. खांदे, कंबर, सगळं सीटला घट्ट. म्हणून बार डोक्यापेक्षा उंच लागतो. तपासायची पद्धत अशी: हेल्मेट घालून माणूस बसवायचा, बारच्या माथ्यावरून पुढच्या काचेच्या चौकटीपर्यंत सरळ काठी ठेवायची. हेल्मेट काठीच्या खाली राहिलं तर ठीक. लागलं तर तो बार त्या माणसासाठी बार नाहीच. उलट हार्नेस त्याला ताठ धरून जमिनीपुढे करणार.

कापडी टप बंद व्हावा म्हणून मला बार फार उंच करता येत नव्हता. माझ्या डोक्यावर दोन बोटं जागा ठेवून केला. चालवणार मीच होतो ना.

मग धोंड्याचा महिना आला. अक्काच्या मुलीचं, माझ्या भाचीचं लग्न होऊन वर्ष झालेलं. जावई पुण्यात दातांचा डॉक्टर, सहा फुटाला टेकलेला, बोलायला गोड. लग्नात मामा म्हणून मीच भाचीला हाताला धरून अंतरपाटापाशी उभं केलं होतं. लग्नानंतरचा पहिला अधिक महिना, म्हणजे जावयाचा मान मोठा. अक्का महिनाभर आधीपासून अनारशाच्या पिठात गुंतलेली.

एका रविवारी शेड उघडलं, गाडीवरचं कापड काढलं आणि आत बसलो. पाय क्लचला पुरेना. सीट तीन भोकं मागे सरकवलेली होती. हार्नेस खांद्यावर घेतला तर पट्ट्या लोंबायला लागल्या. प्रत्येक बकल मी माझ्या छातीला लावून ठेवलं होतं; कुणीतरी उंच माणसाने ते आपल्या मापाला सोडवून घेतलं होतं. शेडाची दुसरी किल्ली दाजींकडेच होती.

मी तसाच खाली उतरलो. सीट पुढे ओढली नाही.

दुकानात जाऊन विचारलं. दाजी गिऱ्हाइकाला फिल्टर दाखवत होते.

"अवो, काल आला हुता की तो. बसवलं जरा. पोरगं गाडीचं लई येडं हाय."

"स्पर्धेला तोच चालवणार?"

"पयला धोंडा हाय त्याचा, पाव्हणं. तेहतीस अनारसं काय, कुनीबी देतंय. म्हनलं, आपन असं वाण देऊ की पुण्यात सांगत फिरंल."

"मला सांगायचं तरी."

दाजी मनापासून हसले. "तुमाला काय सांगायचं? तुमी घरचं मानूस. पुढच्या खेपंला पळवा की."

गिऱ्हाईकही हसलं. मीही हसलो असेन. घरी येऊन बायकोला म्हणालो, मला तशीही आवड नाही. ती म्हणाली, "मग तीन वर्षं काय करत होता?"

जेवणाच्या दिवशी पुरणाचे धोंडे खाऊन सगळी मंडळी शेडात आली. जावई नव्या कपड्यांत, कपाळाला कुंकू. गाडीत बसला, दाजींनी डोक्यावर हेल्मेट चढवलं. हेल्मेट बारच्या वर येतंय, हे मला लांबूनच दिसलं. तरी मी काठी बघायला गेलो आणि हाताला आला तो शेड झाडायचा लांब दांड्याचा झाडू. तो उलटा धरून मी बारवर ठेवायला गेलो.

"अवो अवो अवो!" दाजी ओरडले. "जावयाच्या डोस्क्यावर झाडू? धोंड्याच्या म्हैन्यात?"

अक्का म्हणाली, "काय बाई, याला वेडबिड लागलंय का?" भाची हसून वाकली. जावई म्हणाला, "असू द्या, मामा नजर काढतायत." सगळे पुन्हा हसले. मी झाडू कोपऱ्यात ठेवला.

आता इथेच थांबतो, कारण माझा खोटेपणा इथून सुरू होतो. शेडात डझनभर पाइप पडलेले होते. स्वच्छ, सरळ, हवे त्या लांबीचे. मला दुसरी काठी घेता आली असती. 'हसू नका, हा मरेल' एवढे चार शब्द बोलता आले असते. बार उंच करणं दोन दिवसांचं काम होतं. टप बंद झाला नसता, एवढंच. पण मी मनात म्हणालो, मला कोण विचारतंय? मान त्यांचा, गाडी त्यांची. त्यांना झाडू दिसला, मग झाडूच दिसू दे.

स्पर्धेच्या सकाळी जावई आणि भाची अक्कलकोटला दर्शनाला गेले होते, परस्पर मैदानावर येणार होते. तपासणीची रांग पुढे सरकली तरी पत्ता नाही. तपासणारे गृहस्थ वयस्कर, हातात यादी, गळ्यात चष्मा. म्हणाले, "ड्रायव्हर बसवा."

दाजींनी मला कोपराने ढोसलं. "बसा की तुमी. तपासनी गाडीची हाय, मानसाची न्हाय."

दाजींना खरंच तसं वाटत होतं. मला माहीत होतं की ती माणसाचीच असते. मी सीट पुढे ओढली, पट्ट्या आवळल्या, हेल्मेट घातलं. त्यांनी लाकडी पट्टी बारवरून काचेपर्यंत टेकवली, वाकून पाहिलं, मधे दोन बोटं घातली. वेल्डवरून अंगठा फिरवला.

"काम कुणाचं?"

"माझं."

"सुंदर आहे. पुण्यातसुद्धा असं बघायला मिळत नाही."

आणि त्यांनी स्टिकर लावला. लाज वाटते, तरी सांगतो: त्या क्षणी मला बरं वाटलं. तीन वर्षांत त्या कामाला पहिल्यांदा कुणीतरी सुंदर म्हणालं होतं.

जावई धावतच आला. मी सीट मागे सरकवली, हार्नेस त्याला मीच बांधला. कंबरेची पट्टी आधी, मग खांद्यांच्या. त्याने मान फिरवून मागे पाहिलं. डॉक्टर माणूस, डोळा होता त्याला.

"मामा, माझं डोकं बारच्या वर येतंय का?"

सरळ प्रश्न होता. आजूबाजूला कुणी हसत नव्हतं.

मी म्हणालो, "चालतंय."

मला त्याचं वाईट व्हायला नको होतं. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता खरं किती ते कळत नाही. मला एवढंच हवं होतं की त्याने खांब पाडावेत, गाडी बंद पडावी, आणि दाजींनी माझ्याकडे बघावं.

दुसऱ्याच वळणाला मागचं चाक मैदानाच्या कडेच्या जुन्या गटारात गेलं. वेग काही फार नव्हता. गाडी एका बाजूला उचलली गेली, थोडी थांबल्यासारखी झाली आणि उलटी पडली. मुरमाची धूळ उडाली. आठ-दहा जणांनी धरून ती सरळ केली. बार सुताइतकाही वाकला नव्हता. पुढच्या काचेची चौकट मात्र चेपली होती. तो हार्नेसमध्ये ताठ बसलेला होता, डोळे उघडे. हेल्मेटच्या माथ्यावर तळहाताएवढा घासल्याचा डाग होता. तो म्हणाला, "हात कुठेयत माझे?"

मानेचं ऑपरेशन झालं. चालतो, बोलतो. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात संवेदना परत आली नाही. दुसऱ्याच्या तोंडात बारीक हत्यार घालून काम करायचं, तर बोटांना कळावं लागतं. त्याने दवाखाना दुसऱ्याला दिला. आता कॉलेजात शिकवतो.

आणि सगळ्यांनी मला वाचवणारा ठरवलं. "मामाचा बार होता म्हणून," असं अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. जावई मान सुधारल्यावर सोलापूरला आला तेव्हा माझ्या पाया पडला. डाव्या हाताने. मी "अरे, असू दे" म्हणालो.

भाचीने सगळं दाजींवर ठेवलं. "पप्पांना मिरवायचं होतं. मामा, तू तरी तुझं काम नीट केलंस," असं ती मला म्हणाली. तेव्हापासून ती वडिलांशी बोललेली नाही. सोलापूरला येते ती जुळे सोलापुरात, माझ्या फ्लॅटवर उतरते. ती आली की दाजींचा फोन येतो. तोच माणूस, पण आता फोन कानाला घट्ट लावून ऐकावा लागतो.

"पाव्हणं, जेवली का पोरगी?"

"जेवली."

"काय म्हनती?"

"काही नाही."

"न्हाय, तिचं बराबर हाय. माजंच चुकलं."

त्यांचं चुकलंच, असं मला अजून वाटतं. पण ते जावयाबद्दल म्हणतात. मला दिलेल्या शब्दाबद्दल त्यांनी एकदाही 'चुकलं' म्हटलेलं नाही. त्यांच्या ते लक्षातही नाही. मोडलेली गाडी विकली तेसुद्धा मला बाहेरच्या माणसाकडूनच कळलं. कधी कधी फोन ठेवल्यावर, ते तिकडे एकटे बसले असतील याचं मला समाधान वाटतं. आणि आत भाची माझ्या बायकोशी बोलत भाजी निवडत असते.

गेल्या खेपेला ती निघताना म्हणाली, "पुढच्या महिन्यात बाळ येईल, मामा. पप्पांना कळवू नकोस. त्यांना बाळ दाखवायचं नाही मला." दिवस आहेत हे मला दिसत होतंच, पण हे वाक्य मला अपेक्षित नव्हतं. मी तिची बॅग रिक्षात ठेवली आणि मान हलवली.

दाजींनी माझी जागा मला न विचारता देऊन टाकली, हा हिशेब माझा आणि दाजींचा. त्याचा राग गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही. पण तपासणीला मी बसलो होतो, आणि विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, हे भाचीला आणि तिच्या नवऱ्याला दाजींच्या समोर सांगणं हे माझ्यावरचं देणं आहे. बाळ यायच्या आत सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.