कॅनडाला जाण्याची रंगीत तालीम

राजेश्वरीताईंना मी फार थोडं ओळखत होतो. त्या समोरच्या घरात राहायला आल्यापासून रोज दिसायच्या, मी मान हलवायचो, त्याही हलवायच्या. एवढ्यावर कोणाविषयी लिहू नये हे मला कळतं. पण आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अंकासाठी ‘परिचयातील एका व्यक्तीविषयी’ लिहून मागितलं आहे, आणि माझ्या परिचयाची माणसं मोजकीच आहेत. शिवाय ‘मी या बाईंना चांगले ओळखतो’ असं मी एकदा पोलिसांना सही करून दिलं आहे. तेव्हा लिहायला हवं.

आम्ही कुसगावात राहतो. गल्लीच्या एका बाजूला आमची इमारत, दुसऱ्या बाजूला जुनी बैठी घरं. त्यांतलं पत्र्याच्या पडवीचं घर राजेश्वरीताईंचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं, कैलासचं. कैलास पन्नाशीचा आहे. त्याची समज लहानपणापासून थोडी कमी. पण पलीकडच्या रस्त्यावरच्या हॉटेलात गाड्या लावून देण्याच्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते तेव्हा कैलास गळ्यात शिट्टी अडकवून अशा काही खुणा करतो, की मोठमोठ्या गाड्यांतले लोक निमूट ऐकतात.

ताई लग्न होऊन अमेरिकेत गेल्या त्या तिथल्याच झाल्या. बफेलो नावाच्या शहरात एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात त्यांनी निवृत्त होईपर्यंत काम केलं. यजमान श्रीपादराव तिथेच वारले. मुलगी सई लग्नानंतर नदीपलीकडे कॅनडात गेली. मग इकडे ताईंची आई गेली आणि कैलास एकटा पडला, म्हणून त्या परत आल्या. पासपोर्ट मात्र अमेरिकेचा. हे सगळं मला माझ्या पत्नीकडून, इंदिराकडून कळलं. ती गॅलरीत उभं राहून पलीकडच्या कोणाशीही बोलू शकते.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी लोणावळ्याहून एक हवालदार आमच्या दारात आले. राजेश्वरीताई कॅनडात कायमच्या राहायला जाण्यासाठी अर्ज करत होत्या. त्यासाठी, जिथे जिथे सहा महिन्यांवर राहिलात तिथल्या पोलिसांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागतो. अमेरिकेचा आला होता. इथल्यासाठी शेजाऱ्यांकडे चौकशी.

“किती वर्षं ओळखता यांना?” हवालदारांनी विचारलं.

“आल्यापासून.”

“वागणूक?”

“चांगली.”

“चांगली म्हणजे? भांडणतंटा वगैरे?”

मला खोटं बोलता येत नाही. मी म्हणालो, “एकदा कचऱ्याच्या गाडीवाल्याला मोठ्याने बोलल्या होत्या.”

“अहो!” इंदिरा आतून ओरडली. “ते कशाला सांगताय त्यांना?”

“असू द्या, काकू,” हवालदार हसून म्हणाले. “कचऱ्याचं कॅनडाला कळवत नाही आम्ही. इथे सही करा, काका.”

मी सही केली. संध्याकाळी राजेश्वरीताई आभार मानायला आल्या. मी आतल्या खोलीत जाण्याच्या बेतात होतो, पण इंदिराने चहा टाकला आणि मला बसावंच लागलं.

“काका, तुम्ही मला चांगलं ओळखता म्हणे,” त्या म्हणाल्या.

“तसं लिहिलेलंच होतं कागदावर,” मी म्हणालो.

“मग आता ओळख करून घ्या,” त्या हसल्या, “नाहीतर सही खोटी पडेल.”

त्या दिवसापासून त्या येऊ लागल्या. त्यांना कोणासमोर तरी मोठ्याने विचार करायचा असावा. मी फारसं बोलत नाही, त्यामुळे त्यासाठी बरा होतो.

सईने आईला बोलावण्यासाठी कॅनडा सरकारकडे नाव नोंदवून ठेवलं होतं. नावं फार असतात, म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढतात. सईचं नाव काही वर्षांनी निघालं. मग तिने आपले आयकराचे कागद दाखवून सिद्ध केलं, की मी आईला पोसू शकते. सईला दोन वर्षांची मुलगी होती, आणि ताईंनी नातीला फोनवरच मोठी होताना पाहिलं होतं.

“नुसतं भेटायला जाऊन-येऊन नाही का जमत?” इंदिराने विचारलं.

“अमेरिकेच्या पासपोर्टवर सहा महिने राहता येतं, काकू. पण या वयात दवाखाना लागला तर? तिथे पाहुण्याला परवडत नाही तो. आणि चिठ्ठीत पुन्हा नाव लागेल याचा काय भरवसा?”

“मग अडलंय कुठे?”

ताईंनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. कैलास पडवीत बसून शिट्टी धुऊन वाळवत होता.

भावाला नेता येत नाही. नवरा, बायको, लहान मुलं चालतात, भाऊ चालत नाही. अर्जात भावंडांची माहिती विचारलेली होती. नाव, जन्म, पत्ता, धंदा. सगळे अर्ज सई फोनवरून विचारून भरत होती, आणि एकदा त्यावरून दोघींची आमच्याच टेबलाशी जुंपली.

“आई, मामाचं बेकार लिहू दे ना सरळ. किती सोपं आहे.”

“बेकार? तो रोज नऊ वाजता कामाला जातो.”

“अगं, पण ते काम म्हणजे...”

“गाड्या लावतो. पगार बँकेत येतो. तुझा नवरा गेल्या वर्षी पाच महिने घरी होता, त्याचं काय लिहिलं होतंस?”

मग सई म्हणाली, “बरं. पार्किंगमध्ये नोकरी, असं लिहिते.”

अर्ज गेला. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं, की मंजूर आहे, पण कागदावरच्या तारखेच्या आत कॅनडात पाऊल ठेवायला हवं. ती तारीख गेली की सगळंच गेलं. ताईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी कागद आमच्या टेबलावर उलटा करून ठेवला.

“एकदा राहायला गेले की पाच वर्षांतली दोन वर्षं तिथे काढावी लागतात,” त्या म्हणाल्या. “म्हणजे येऊन-जाऊन राहता येईल. पण सलग आठ-दहा महिने तो माझ्याशिवाय राहील का? आई गेली तेव्हा चार दिवस अन्नाला शिवला नव्हता.”

त्यांच्याकडे स्वयंपाकाला झुंबरबाई येतात. गावठाणातल्या आहेत, एकट्या आहेत. त्या म्हणाल्या होत्या, “ताई, तुमी जावा खुशाल. मी येते हितं ऱ्हायला. दादाला मी बगते. त्येला काय लागतंय? येळेला जेवान आनि शिट्टी.”

“आणि मध्येच माझी आठवण काढून रडला तर?”

“रडंल की. मीबी रडंन. दोगं रडू आनि मग जेवू.”

ताईंचा विश्वास बसत नव्हता. तेव्हा इंदिराने एक युक्ती काढली. माझा तिला विरोध होता, पण मी तो बोलून दाखवला नाही. ताईंनी कैलासला सांगायचं, की मी थोडे दिवस मुंबईला चालले. आणि प्रत्यक्षात राहायचं आमच्याकडे. आमच्या खिडकीतून त्यांचं दार, पडवी, फाटक सगळं दिसतं.

“नाटकाची रंगीत तालीम करतात ना, तशी,” इंदिरा म्हणाली.

झुंबरबाईंना कल्पना होती. मार्चमधल्या एका दुपारी कैलास कामावर असताना ताई पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या आणि पडद्याआड खुर्ची टाकून बसल्या.

पहिल्याच संध्याकाळी कैलास आमच्या दारात. ताई पटकन स्वयंपाकघरात गेल्या.

“काकू, ताईचा फोन आला का?”

“आला होता ना,” इंदिरा म्हणाली. “तू जेवलास का विचारत होती.”

“जेवलो. झुंबरबाईने भेंडी केली. ताई करते तशी नव्हती.”

“मग?”

“चांगली होती.”

तो गेल्यावर ताई ओट्याला टेकून तोंडावर पदर धरून हसत होत्या. “चार वर्षं या माणसाला भेंडी खायला घालतेय मी!” डोळे मात्र भरले होते.

दिवसा वेळ जात नसे म्हणून त्यांनी अमेरिकेच्या कराचे कागद काढले. तेव्हा मला कळलं, की अमेरिकेचा नागरिक जगात कुठेही राहो, त्याला दर वर्षी तिथे हिशेब कळवावा लागतो. कुसगावात राहूनही त्या तो कळवत होत्या. कॅनडात गेल्यावर तिथे पाऊल ठेवलेल्या दिवसापासून कॅनडालाही सांगायचं, आणि अमेरिकेचं चालूच. त्यांचं आणि कैलासचं लोणावळ्याच्या बँकेत एकत्र खातं होतं, तेही अमेरिकेला कळवावं लागे.

“कैलासच्या पगाराची खबर तिथपर्यंत जाते?” मी विचारलं.

“जाते. माझं नाव आहे ना खात्यावर.”

त्यातच सईचा फोन आला. तिच्या करसल्लागाराने सुचवलं होतं, की आईने निघण्याआधी घरातला आपला हिस्सा भावाला हक्कसोडपत्र करून देऊन टाकावा. घरही नको आणि खातंही नको, म्हणजे कॅनडात गेल्यावर इकडचं काही मागे राहणार नाही, दर वर्षीचं लिहिणं कमी होईल. आमच्याकडे बहिणी असं देतातच, वडगावच्या निबंधक कचेरीत जाऊन सही करून येतात. त्यामुळे मलाही ते बरोबर वाटलं, आणि कधी नव्हे तो मी सल्ला दिला.

“देऊन टाका, ताई. मोकळ्या व्हाल.”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. “काका, या गल्लीत गेल्या वर्षभरात जागेचे किती एजंट येऊन गेले?”

“बरेच.”

“घर एकट्या कैलासच्या नावावर झालं, की त्यांतला कोणीतरी त्याला मिसळ खाऊ घालील आणि सही घेईल. तो गाडीसुद्धा लावून देईल त्याची. दोघांची नावं असली म्हणजे माझ्या सहीशिवाय वीट हलत नाही. दोन देशांना दर वर्षी लिहावं लागलं तर लिहीन. बसून दुसरं करायचंय काय?”

फोनवर सई ऐकत होती. “आई, पण तुझ्यानंतर ते घर, ते लिहिणं, सगळं माझ्याकडे येईल.”

“म्हणूनच तुला आत्तापासून सांगतेय,” ताई म्हणाल्या. मी पुन्हा सल्ला दिला नाही.

पण खरी परीक्षा संध्याकाळची होती. कैलास कामावरून आला, की हातपाय धुऊन पडवीच्या पायरीवर बसे. फाटक सताड उघडं. झुंबरबाई जेवायला हाका मारत आणि तो गल्लीच्या तोंडाकडे बघत राही. पहिले काही दिवस असंच गेलं. ताई खिडकीशी बसून त्याच्याकडे बघत आणि इंदिराने दिलेला चहा गार होई. एकदा त्या चपला घालून निघाल्यासुद्धा. इंदिराने दाराशी अडवलं. “आज गेलात तर तुम्हाला कधीच कळणार नाही.”

मग एका संध्याकाळी तो आला, पायरीवर बसला. आतून झुंबरबाईंची हाक आली, “दादा, भाकर गार व्हाया लागली!” कैलास उठला. एकदा गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. फाटक ओढून घेतलं, कडी लावली, आणि आत गेला. थोड्या वेळाने टीव्हीचा आवाज आणि दोघांचं हसणं ऐकू आलं.

“त्याने कडी लावली,” ताई म्हणाल्या.

हे चांगलं झालं की वाईट, ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्या बराच वेळ खिडकीशी बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “काकू, मला भूक लागली आहे,” आणि पोटभर जेवल्या.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवरून आल्यासारखं दाखवायला त्या लांबून वळसा घालून रिक्षाने घरी उतरल्या. मग त्यांनी कैलासला कॅनडाचं खरं ते सांगितलं. ते बोलणं त्यांनीच नंतर इंदिराला सांगितलं.

“किती दिवस?” त्याने विचारलं.

“पुढच्या दिवाळीपर्यंत.”

“म्हणजे मुंबईपेक्षा जास्त.”

“बरंच जास्त.”

त्याने विचार केला. “झुंबरबाईला सांगितलंस?”

“सांगितलं.”

“मग जा.”

सईने काढलेलं तिकीट नेमकं रविवारचं होतं. कैलासला हॉटेलातून निघता येईना. ताईंची गाडी हॉटेलावरून गेली तेव्हा त्याने बाकीच्या सगळ्या गाड्या थांबवून तिला वाट करून दिली, असं झुंबरबाई सांगतात. त्याही ताईंबरोबर गाडीत लोणावळ्यापर्यंत होत्या. कैलास त्या रात्री जेवला नाही, पण सकाळी जेवला.

आता ताईंचा फोन येतो तो इंदिराच्या मोबाइलवर. चित्रात बर्फ दिसतो, नात दिसते. इंदिरा मोबाइल माझ्याकडे वळवते, मी हात हलवतो आणि आत जातो. फोनवर काय बोलावं ते मला सुचत नाही. त्यामुळे आमचं दोघांचं शेवटचं बोलणं झालं ते त्या रविवारी सकाळीच. मी जिन्यातला दिवा बंद करत होतो आणि त्या एक वाटी घेऊन वर आल्या.

“काका, विरजण आहे. वाया जाईल म्हणून आणलं.”

“बरं.”

“फ्रिजमध्ये नका ठेवू. आज रात्रीच लावायला सांगा काकूंना.”

“सांगतो.”

“वाटी झुंबरबाईंकडे द्या.”

“देतो,” मी म्हणालो.